वेखंड, उंदीर आणि मावशीचा प्रश्न

हे लिहायचं दोन वर्षं डोक्यात आहे पण लाज वाटायची म्हणून राहिलं, कारण यात चूक माझीच आहे आणि ती पण अशी की कुणी पकडलीच नसती, मावशी सोडून.

आमचं आजोळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी भागात. तिकडं वेखंड काय असतं ते कुणाला सांगायला नको. बाळंतिणीच्या खोलीचा अर्धा वास वेखंडाचा आणि अर्धा ओवा-शेपाच्या धुरीचा. पोर रडलं, पोट फुगलं, बोलायला उशीर झाला, सगळ्याला सहाण काढायची आणि वेखंडाचे दोन वेढे द्यायचे. शेजारच्या कन्नड घरात त्यालाच बजे म्हणतात, काम तेच. मावशीच्या घरामागं ओढ्याला लागून चिखलात ते आपोआप येतं, पानं तलवारीसारखी, चुरगळली की हाताला वास दिवसभर. आणि मावशीच्या मुलाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, तेराव्या वर्षापासून फिट येतात. आकडी म्हणा, मिरगी म्हणा, घरात सगळे फिटच म्हणतात.

मी एम फार्म केलं बेळगावातच, फार्माकॉलॉजी घेऊन, म्हणजे औषध शरीरावर काय करतं ते. डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या प्रबंधाला, विषय शोधायची वेळ आली तेव्हा भाऊ डोळ्यासमोर होताच, आणि जुन्या ग्रंथांत अपस्मारावर वेखंडाचं चूर्ण मधातून द्यायचं आणि दूधभातावर ठेवायचं असं स्पष्ट दिलेलं आहे, म्हटलं झालं, हाच विषय. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या यावर आधी बरीच कामं झालीत गं, मी म्हटलं असू देत मॅडम, आमच्या ओढ्याचं वेखंड कुणी तपासलंय. हसल्या आणि सही केली. खरं सांगायचं तर त्यात अभ्यासापेक्षा हौस जास्त होती.

आता हे काम कसं चालतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं पाला वाटायचा, उंदराला पाजायचा आणि बघायचं. मुळं आणायची, वनस्पतीशास्त्राच्या माणसाकडून हेच ते झाड आहे असं लिहून घ्यायचं (हे सगळ्यात महत्त्वाचं, बाजारात शंखपुष्पी म्हणून तीन-चार वेगळी झाडं विकतात), सावलीत वाळवायची, भरड कुटायची आणि सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोलमध्ये तासन् तास फिरवायची. शेवटी अल्कोहोल उडवलं की खाली काकवीसारखं चिकट काळपट काहीतरी उरतं, तो एक्सट्रॅक्ट. माझ्या हॉस्टेलच्या रूममेटने त्या महिन्यात दोनदा खोली बदलून मागितली, इतका वास. मग प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी, त्याशिवाय उंदराला हात लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

टेस्ट दोन. पहिलीत उंदराच्या कानाला मिठाच्या पाण्यात बुडवलेले छोटे क्लिप लावतात आणि ०.२ सेकंद करंट देतात. औषध न दिलेला उंदीर आधी आखडतो, मग त्याचे मागचे दोन्ही पाय शेपटीच्या दिशेने एकदम ताठ सरळ होतात, काडीसारखे, मग झटके, मग निपचित. त्या ताठ पायांवर स्टॉपवॉच धरायचं. एक्सट्रॅक्ट दिलेल्या उंदरात ते पाय ताठ झालेच नाहीत तर म्हणायचं वाचला. दुसरी टेस्ट पेंटिलीनटेट्राझोलची, ते इंजेक्शन दिलं की फिट येते, किती वेळाने आली आणि आली का ते मोजायचं.

पहिल्यांदा मोठ्या डोसचा एक उंदीर करंट देऊनही पाय न ताणता नुसता थरथरला आणि उठून मिशा पुसायला लागला ना, तेव्हा मी लॅबमध्ये अक्षरशः ओरडले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘वाचलाय की झोपेत आहे ते आधी बघ.’ कारण गुंगी आणणारी कुठलीही गोष्ट फिट दाबल्यासारखी दिसते. म्हणून रोटारॉड असतो, फिरणारा दांडा, त्यावर उंदीर ठेवायचा, पडला तर तुमचं औषध फिट नाही थांबवत, उंदरालाच पाडतंय. माझे मोठ्या डोसचे काही पडले. मधल्या डोसचे बरेच टिकले. एकूण निकाल ‘आशादायक’ असा लिहिला, डिझर्टेशनमध्ये सगळेच तो शब्द लिहितात.

त्या वर्षीच्या गणपतीला आजोळी गेले. आरती झाली, मोदक झाले, ओसरीवर सगळे बसलेत, मामा म्हणाले काय करालीस गं कॉलेजात, आणि मी सुटले. उंदीर, करंट, वेखंड, आमच्या ओढ्याचं वेखंड, आणि उंदीर वाचले. मावशी पोळपाट घेऊन दारात उभी होती. तिने एक शब्द विचारला नाही. मला वाटलं कंटाळली.

पुढचं मला नंतर कळलं. मावशीने दुसऱ्या दिवसापासून भावाला रोज चार वेढे वेखंड मधातून चालू केलं. गोळ्या पण चालू होत्या आधी. पण त्याला सहा वर्षं फेनिटॉईन ही फिटवरची गोळी चालू होती आणि त्याने त्याच्या हिरड्या सुजून दातांवर आलेल्या, एकोणीस वर्षाचं पोरगं, हसताना हात आडवा धरायचं. हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, पण तिला तो कुणी नीट सांगितला नव्हता, मी पण नाही. तिने दोन गोळ्यांची एक केली. दिवाळीपर्यंत फिट आली नाही. मग ती एक पण बंद केली. भात कापणी चालू होती, नोव्हेंबरचं ऊन, भाऊ पेंढ्या बांधता बांधता बांधावरच पडला. एक फिट संपायच्या आत दुसरी. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल, कुणी देवघरातला कापूर आणून हुंगवला, आणि मग शहाणपण सुचलं आणि टेम्पोत घालून बेळगावला आणलं. तीन दिवस आयसीयू. वाचला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गोळी एकदम बंद केल्यानं झालंय.

मी आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर मावशीशेजारी. ती रडत नव्हती. म्हणाली, ‘तूच म्हटलंस की गं, उंदरं वाचली म्हणून.’ मी म्हटलं मावशी, उंदीर वेगळे, माणूस वेगळा, वगैरे वगैरे, जे पुस्तकात शिकवतात ते सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बरं. मग तुमच्या उंदरांना आधी गोळी चालू होती काय?’

नव्हती. एकाही उंदराला फेनिटॉईन आणि वेखंड एकत्र दिलं नव्हतं. फेनिटॉईन होतं, पण वेगळ्या गटात, तुलनेसाठी. उंदीर एक तर गोळीवर किंवा वेखंडावर. आणि आमच्या भागात, खानापूर घ्या, निपाणी घ्या, चिकोडी घ्या, फिटचा असा पेशंट शोधून दाखवा की जो फक्त पाला घेतोय. सगळे दोन्ही घेतात. डॉक्टरला पाला सांगत नाहीत, वैदूला गोळी सांगत नाहीत. आम्ही तपासत होतो ते प्रत्यक्षात कुणी करतच नाही, आणि जे सगळे करतात ते तपासलंच नव्हतं. दोन वर्षं काम केलं, शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा झाली, चार परीक्षक बसले होते, हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

घरी येऊन शोधलं तर १९९२ चा एक जुना अभ्यास सापडला, आपल्याच देशातला. दोन पेशंट फेनिटॉईनवर नीट होते, वर शंखपुष्पीचं औषध चालू केलं आणि फिट परत यायला लागल्या. मग त्यांनी उंदरांवर दोन्ही एकत्र देऊन बघितलं तर रक्तातलं फेनिटॉईनच कमी झालेलं. म्हणजे फिटवरचं औषध म्हणून घेतलेल्या पाल्याने फिटवरची गोळी पातळ केली. आणि फेनिटॉईन भलतं नाजूक औषध आहे, रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढीच त्याची जागा, खाली गेलं की फिट, वर गेलं की डोळे फिरतात, चालताना तोल जातो. त्यात शरीराची ते पचवायची ताकद मर्यादित, त्यामुळे डोस थोडा वाढला तरी रक्तात एकदम उडी मारतं. अशा औषधावर रोज चार वेढे काहीही घालायचं म्हणजे काय ते कळतंय का?

बरं वेढ्याचा हिशोब पण बघा. मी उंदराला २०० मिलिग्रॅम प्रति किलो दिलं असं धरा. उंदराचा डोस माणसाला लावताना ढोबळ भागाकार १२.३ चा असतो, म्हणजे १६ मिलिग्रॅम प्रति किलो, साठ किलोच्या माणसाला जवळपास एक ग्रॅम एक्सट्रॅक्ट. दहा ग्रॅम मुळाचा एक ग्रॅम एक्सट्रॅक्ट निघाला असं समजलं तर रोज दहा ग्रॅम सुकं वेखंड! सहाणेवर चार वेढ्यांत किती उतरतं ते मी नंतर घरी उगाळून वाळवून वजन करून बघितलं, माझ्या छोट्या काट्यावर आकडा हललाच नाही धड. म्हणजे उंदीर वाचले त्या डोसच्या आसपास सुद्धा मावशी नव्हती. तरी दिवाळीपर्यंत फिट आली नाही कारण तोवर एक गोळी चालू होती, आणि भावाला तसंही तीन-तीन महिने फिट यायची नाही. याला मी कितीही शास्त्र शिकले असले तरी त्या दिवाळीत उत्तर दिलं असतं ‘बघा, गुण आला’.

आणि दहा ग्रॅम दिलं असतं तर? मोठ्या मात्रेत वेखंड उलटी करवतं, जुने वैद्य त्यासाठीच वापरायचे. पण खरी भानगड त्याच्या तेलातल्या बीटा-असारोनची. उंदरांना दीर्घकाळ घातल्यावर आतड्यात गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थात वेखंडाला बंदी आहे. गंमत म्हणजे सगळं वेखंड सारखं नसतं. अमेरिकेतल्या दुप्पट गुणसूत्रांच्या जातीत ते द्रव्य जवळजवळ नसतंच, युरोपातल्या तिप्पटवाल्यात थोडं, आणि आपल्या आशियातल्या चौपटवाल्यात भरपूर. म्हणजे ‘वेखंड चांगलं का वाईट’ या प्रश्नाला अर्थच नाही, कुठलं वेखंड, किती, किती दिवस. आयुर्वेदात वेखंडाचं शोधन सांगितलंय, गोमूत्रात वगैरे उकळून मग वापरायचं. आमच्याकडे शोधन कोण करतंय, ओढ्यातून उपटलं की सहाणेवर.

आता लोक म्हणणार, आमची आज्जी देत होती, आम्हाला काही झालं नाही. माझी पण देत होती. पण बघा, औषध घेतलं आणि तासाभरात उलटी झाली तर आज्जीला कळेल. औषध घेतलं आणि पंधरा वर्षांनी लिव्हर गेलं, किंवा सोबतची गोळी पातळ झाली, तर कुठल्या आज्जीला कळणार? पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवात पहिली गोष्ट धरली जाते, दुसरी निसटते. आमच्या लॅबच्या टेस्टमध्ये पण निसटते हे सांगायला पाहिजे. आम्ही ‘सेफ’ लिहितो ते कशावर, उंदराला २००० मिलिग्रॅम प्रति किलो एकदाच पाजायचं आणि १४ दिवस बघायचं, मेला नाही तर सेफ. मी पण तेच लिहिलं होतं. चौदा दिवस उंदीर जगला यावर कुणी आपल्या पोराला आयुष्यभर काही द्यावं का?

उलट बाजू पण आहे आणि ती मला फार आवडते. हॉस्पिटलने भावाची गोळी बदलली, आता लेव्हेटिरासिटाम चालू आहे. हिरड्या हळूहळू उतरल्या. ही गोळी आज सगळीकडे सर्रास लिहून देतात, आणि माझ्या त्या दोन्ही टेस्ट, करंटची आणि इंजेक्शनची, त्यांत ती नापास होते! वेगळ्या पद्धतीच्या, हळूहळू फिट जडवलेल्या प्राण्यांत तपासली तेव्हा तिचा गुण दिसला. करंटच्या टेस्टने १९३८ साली फेनिटॉईन दिलं, बोस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी मांजरांवर करून, त्याचं श्रेय आहेच. पण माझ्या लॅबमध्ये माझ्या भावाची आजची गोळी आली असती तर मी ती कचऱ्यात टाकली असती आणि वेखंड ठेवलं असतं.

कापराचं मधेच राहिलं. बांधावर त्याला कापूर हुंगवला ना, तो कापूर पोटात गेला तर स्वतःच फिट आणतो, लहान पोरांनी खाल्ला तर फार बेकार. हंगेरीत १९३४ साली मेडुना नावाच्या डॉक्टरने मानसिक आजाराच्या पेशंटना मुद्दाम फिट आणायला कापूर तेलातून टोचला होता, तेव्हा समज होता की फिटने तो आजार हटतो. कापूर भरवशाचा नव्हता म्हणून मग त्याने दुसरं औषध घेतलं, आणि ते दुसरं औषध म्हणजे पेंटिलीनटेट्राझोल, जे मी उंदरांना टोचत होते तेच. हे वाचलं तेव्हा देवघराकडे बघून हसू पण आलं आणि अंगावर काटा पण. (आणि हो, फिट आली की काही हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, धरून ठेवू नका, कुशीवर करा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी काढा.)

म्हणजे झाडांतून काही निघत नाही असं माझं म्हणणं नाही. गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिऑल घ्या. ड्राव्हे सिंड्रोम म्हणून लहान मुलांचा भयंकर आजार आहे, १२० मुलांवरचा त्याचा अभ्यास २०१७ ला आला, महिन्याच्या मोठ्या फिट साधारण १२.४ वरून ५.९ वर आल्या, नुसतं चवीचं खोटं औषध दिलेल्यांत १४.९ वरून १४.१. पुढच्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. पण त्यात मला काय बघण्यासारखं वाटतं तर मुलांच्या आधीच्या गोळ्या बंद केल्या नव्हत्या, त्या चालू ठेवून वर हे दिलं. म्हणून तर कळलं की व्हालप्रोएट चालू असेल तर लिव्हरचे आकडे वाढतात आणि क्लोबाझाम चालू असेल तर मुलं जास्त पेंगतात (दोन्ही फिटवरचीच औषधं). मावशीचा प्रश्न त्यांनी आधी विचारून ठेवला होता.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही असं पण नाही. बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, २००६ ला प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झालेली, घाटातलं जंगल दारात, वैदू अजून आहेत. आणि दुसऱ्या बाजूला एसटी स्टँडच्या भिंतीवर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये ‘फिट्स, मिरगी कायमची बंद’ असं रंगवलेलं असतं, जे १९५४ च्या जादुई उपायांच्या कायद्याने चक्क गुन्हा आहे, ज्या आजारांच्या अशा जाहिरातींना बंदी आहे त्या यादीत अपस्मार नावाने आहे. असल्या ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पुड्यांत फेनोबार्बिटोन हे फिटवरचं जुनं औषध कुटून घातलेलं सापडलंय, म्हणजे गुण पाल्याचा नाही, १९१२ सालच्या इंग्रजी गोळीचा, तो पण डोस न सांगता. गावातला वैदू बिचारा असलं करत नाही, त्याला गोळी परवडतच नाही.

डिझर्टेशनची बांधलेली प्रत माझ्या कपाटात आहे, सोनेरी अक्षरांची. गेल्या वर्षी शेवटच्या पानावर पेनाने लिहून ठेवलं, गोळीसोबत तपासलं नाही. कुणी वाचणार नाही, तरी.

परवा रात्री मावशीचा फोन. कणकुंबीकडचा कोण माणूस मूळ देऊन गेलाय, पळसाच्या पानात बांधून, नाव सांगत नाही, म्हणतो नाव सांगितलं की गुण जातो. ‘म्हटलं आधी तुला विचारावं. सहाण काढली नाही अजून.’ मी म्हटलं फोटो पाठव, पान असेल तर पानाचा पण, आणि गोळी?

‘ती साडेआठलाच दिली की गं.’